विजेचा हिशेब आणि नदीचा हिशेब

आमचे आयुष्य कामगारांची मस्टरे आणि पगारपत्रके तपासण्यात गेले. नदीचे शास्त्र आम्हांला कोणी शिकवले नाही. जे थोडे कळते ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. तेव्हा बोलण्यात मस्टरची सवय डोकावली, तर श्रोत्यांनी ती गोड मानून घ्यावी.

उदाहरण मुळशीचे घेऊ. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळच्या टाटांच्या धरणाचे पाणी नळांतून कोकणात भिरा येथे उतरते आणि १९२७ पासून त्यावर वीज होते. जे पाणी पुण्यावरून भीमेला, कृष्णेला मिळून पूर्व समुद्राला जायचे, ते आता कुंडलिकेतून पश्चिम समुद्राला जाते. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, कामगारांच्या चुली पेटल्या. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. सेनापती बापट ज्यात पुढे होते तो १९२१ चा सत्याग्रह जमिनीसाठी होता. नदीच्या पात्रात काय उरले, हा प्रश्न मागेच राहिला.

तो मोजायचा कसा? पहिली फसगत सरासरीत होते. मजुराला वर्षाचा सारा पगार आषाढ-श्रावणात मोजून दिला आणि पुढे दिडकी दिली नाही, तरी सरासरी झकास दिसते! एका बैठकीत आम्ही महिनावार प्रवाह मागितला, तर समोरच्या साहेबांनी वार्षिक आकडा पुढे केला. अमेरिकेत टेनंट यांनी १९७६ साली सोपे कोष्टक दिले: वार्षिक सरासरीच्या दहा टक्के पाण्यात मासे कसेबसे तगतात, तीस टक्क्यांत बरे जगतात. पण आमच्या नद्यांचे बहुतेक पाणी चार महिन्यांत वाहून जाते. त्यांना हे माप जसेच्या तसे लावता येत नाही. म्हणून धरण नसते तर ज्येष्ठात किती, कार्तिकात किती, चैत्रात किती पाणी असते, हे जुन्या नोंदींवरून काढावे. नोंदी नसतील तर पाऊसमानावरून, किंवा शेजारच्या न अडवलेल्या ओढ्यावरून अंदाज बांधावा. मग आजचा प्रवाह त्याच्याशेजारी मांडावा.

एवढ्याने भागत नाही. माशाला घनफुटांशी काय कर्तव्य? त्याला खोली, वेग आणि तळ लागतो. उन्हाळ्यात तो डोहात राहतो. वाहत्या पाण्यातल्या खळाळात दगडगोट्यांवर किडे वाढतात, ते त्याचे अन्न. महसीर मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांत अंडी घालतो. म्हणून पात्राचे आडवे छेद घेऊन, अमुक पाण्याला किती तळ भिजतो, हे पाहतात. पाणी वाढत जाते तसा भिजलेला तळ आधी झपाट्याने रुंदावतो, नंतर सावकाश. जिथे हा वेग मोडतो, त्याच्या खाली प्रवाह गेला की खळाळ उघडे पडू लागतात. शिवाय धरण गोटे आणि वाळू अडवते, आणि खोलातून सोडलेले पाणी थंड व प्राणवायूला कमी असू शकते. तेही पाहावे लागते.

खालच्या अंगाला दुखणे उलटे. विजेची मागणी तासागणिक बदलते, तसे यंत्रघराचे पाणीही. कोलाडला होड्यांचा खेळ चालतो तो अशा सोडलेल्या पाण्यावरच. पाणी एकदम ओसरले की काठाच्या उथळ पाण्यातली पिल्ले कोरड्यात अडकतात. ही हानी दिवसाच्या सरासरीतही दिसत नाही. तासाची नोंद लागते. यंत्रघरात ती असते, विजेसाठी!

आता किंमत. आमचेच सभासद विचारतात, "साहेब, पाणी नदीला सोडले तर आमच्या पाळ्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले की सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. सेकंदाला एक घनमीटर पाणी दिवसभर नदीत राहू दिले, तर लाखभर युनिटे गेली. हे लपवून नदीची बाजू मांडणे आम्हांला पसंत नाही. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्र सरकारने २०१८ साली ऋतुमानाप्रमाणे वीस, पंचवीस, तीस टक्के पाणी सोडण्याचे बंधन घातले. तिथेही वीज घटण्याची तक्रार होणारच. आमचे म्हणणे इतकेच, की युनिटांचा आकडा आणि भिजलेल्या तळाचा आकडा एकाच कागदावर यावा, आणि त्या कागदावर सही करणाऱ्यांत यंत्रघराचा कामगार आणि खालच्या गावचा मासेमार असावा. पाळ्यांचे उत्तर त्यानंतर देता येईल.