लडाखच्या मातीत अंडी उबत नाहीत
मे महिन्यात सावरगावचा सरडा संत्र्याच्या सावलीत दडतो. लडाखमध्ये उलटं. तिथं ४,००० मीटरच्याही वर, वाळूत राहणारा फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी हा सरडा ऊन शोधत फिरतो. (नाव उच्चारून बघा, जीभच गारठते!)

पण नुसती थंडी सोसून भागत नाही, खरी अडचण अंड्यांची. आपली सरड्याची मादी मातीत अंडी पुरून निघून जाते. ऊब माती देते. लडाखची माती तेवढी तापतच नाही. म्हणून तिथली मादी अंडी पोटातच वाढवते, त्यांना घेऊन उन्हात बसते आणि थेट पिल्लांना जन्म देते.

हीच सोय आता अंगाशी येऊ शकते. मेक्सिकोत १९७५ पासून सरड्यांच्या १२ टक्के स्थानिक वस्त्या संपल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. धोका पिल्लं देणाऱ्या जातींना जास्त. ऊन वाढलं की बिळात लपायचं, मग खायचं कधी?