स्टिअरिंग आपल्या हाती, पण गाडी कुठे न्यायची?

मसूर स्टेशनची ती संध्याकाळ आपण विसरता कामा नये. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले स्टेशनवर उतरली. बैलगाड्या उभ्या होत्या, भाड्याचे पैसे जवळ होते. पण मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे! त्या मुलांत लहानगा भीमराव होता. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर होऊन सरकारी समितीवर काम करणाऱ्या बाबासाहेबांना चाळीसगावी नेण्यास टांगेवाल्याने नकार दिला. तेव्हा आपल्याच एका माणसाने टांगा हाकला. सवय नसल्याने पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. या आठवणी त्यांनी ज्या लिखाणात नोंदवल्या, त्याचे नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. स्वतःच्याच देशात परक्यासारखे जगावे लागलेल्या माणसाची ती कैफियत आहे.

आज आमच्या वस्त्यांत चारचाकी गाड्या उभ्या आहेत. कुणी बँकेचे हप्ते फेडतो, कुणी निवृत्तीच्या पैशांतून गाडी घेतो. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जयभीम’ असते आणि सुट्टी लागली की दोन-तीन कुटुंबे मिळून थेट नेपाळला निघतात. आम्हाला याचा अभिमान वाटतो. ज्यांच्या आजोबांना गाडीत बसू दिले नाही, त्यांची नातवंडे स्वतःच्या गाडीने देशाची सीमा ओलांडतात. शिवाय नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही!

पण अभिमानाबरोबर तयारीही हवी. नागपूरहून जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर आणि सोनौली हा रस्ता हजार किलोमीटरहून अधिक आहे. वाटेत सारनाथ लागते. गोरखपूरहून थोडी वाकडी वाट केली की कुशीनगर. सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळचे भन्सार, म्हणजे जकात कार्यालय. तिथे गाडीची मूळ कागदपत्रे आणि लायसन्स दाखवून, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून परवाना घ्यायचा. दिवस मोजूनच सांगा. मुदत उलटली तर दंड बसतो. गाडी भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्र घ्या. प्रत्येक प्रौढाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असू द्या. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपला वाहन विमा साधारणपणे भारतापुरताच असतो. नेपाळसाठी जादा हप्ता भरून तो वाढवून घेता येतो. निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून हे लेखी करून घ्या. दलालाच्या हाती पैसे देऊ नका. खिडकीवर जा, पावती मागा. हक्काने पावती मागणे हाही चळवळीचाच संस्कार आहे.

आता खरा प्रश्न. एवढे तेल जाळून आपण करतो काय? लुंबिनीत तासभर थांबायचे, अशोकस्तंभापुढे फोटो काढायचा आणि पोखऱ्याकडे पळायचे. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये घड्याळ दुसऱ्याच्या हाती असते, हे समजू शकते. पण स्वतःच्या गाडीत घाई कुणाची?

त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीत काय कोरले आहे, हे मुलांना समजावून सांगा. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाली तेव्हा सम्राट अशोक स्वतः इथे आला. इथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि पिकातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला. राजाने मोठेपणा मिरवला नाही, गावकऱ्यांचा बोजा उतरवला! भन्सारच्या पावतीबरोबर ही गोष्टही घरी आणावी.

याच प्रदेशातून रोहिणी नदी वाहत येते आणि पुढे भारतात गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात शोधले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा पेटला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले, असे त्यांनी मांडले. चवदार तळ्याचा लढा लढलेल्या माणसाला त्या पाण्याचा अर्थ कळला होता. लुंबिनीच्या पश्चिमेला तिलौराकोट आहे. कपिलवस्तूचे अवशेष म्हणून ते दाखवले जाते. तिथे सावलीत बसून ग्रंथातले हे प्रकरण मोठ्याने वाचावे. यासारखी दुसरी सहल नाही.

आणि नेपाळ म्हणजे केवळ लुंबिनी नव्हे. धम्मदीक्षेनंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब प्रकृती ढासळलेली असतानाही जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि बुद्ध व कार्ल मार्क्स यांच्यावर बोलले. तेव्हा ते हिंदू राजाचे राज्य होते. १८५४ च्या मुलुकी ऐनने जातीची उतरंड कायद्यातच लिहून ठेवली होती. तो कायदा १९६३ मध्ये बदलला, २००८ मध्ये राजेशाही गेली. पण जात गेली काय? मे २०२० मध्ये पश्चिम रुकुममध्ये एक दलित तरुण आपल्या तथाकथित उच्च जातीच्या प्रेयसीला आणायला मित्रांसह गेला. जमावाने हल्ला केला. सहा तरुणांचे जीव गेले. खर्ड्याची २०१४ ची घटना आठवते ना? सीमा बदलली, जात तीच!

कामी, दमाई, सार्की, मुसहर, डोम ही आपलीच माणसे आहेत. त्यांच्या वस्तीत एक वेळ गाडी थांबवा. चहा घ्या, त्यांचे ऐका, बाबासाहेबांचे हिंदी पुस्तक हाती द्या. मसूरला मुलांनी गाडी हाकली ती नाइलाजाने. आज स्टिअरिंग आपण स्वखुशीने धरले आहे. मग ती गाडी जे अजून व्हिसाची वाट पाहत आहेत, त्यांच्या दारापर्यंत गेलीच पाहिजे.

जयभीम!