सीसॅटची तयारी : उताऱ्यात नसलेले खरे उत्तर
(लेखांक 7)

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, आता फक्त पात्रतेपुरता उरला आहे. 200 पैकी 66 गुण मिळवले की झाले. त्यामुळे अभ्यासिकेत तो शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. एकदा हिशेब करून पाहा. प्रश्न 80, प्रत्येकी अडीच गुण, चुकीच्या उत्तराला पाव भाग वजा. समजा पन्नास प्रश्न सोडवले, तीस बरोबर आले, वीस चुकले. 75 मधून साडेबारा गेले, उरले 62.5. पहिल्या पेपरात कितीही गुण असोत, पूर्व गेली!

आणि हे चुकलेले प्रश्न बहुतेकदा गणिताचे नसतात, उताऱ्याचे असतात. गणित येत नसेल तर आपण ते सरळ सोडून देतो. उतारा मात्र 'कळलाय' असे वाटत असते. सरावासाठी रचलेला हा छोटा नमुना घ्या :

'पाणलोट विकासाची कामे झालेल्या काही गावांत विहिरींची पातळी वाढली. मात्र त्याच काळात तेथे विंधन विहिरीही वाढल्याने उन्हाळ्यातील टंचाई पूर्वीइतकीच राहिली.'

यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
(1) पाणलोट विकासाची कामे अयशस्वी ठरली.
(2) विंधन विहिरींवर कायद्याने नियंत्रण हवे.
(3) पाणी वाढले तरी टंचाई घटेलच असे नाही.
(4) सर्व गावांत उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे.

2009चा भूजल कायदा नुकताच पाठ केलेला उमेदवार डोळे झाकून दुसरा पर्याय रंगवतो. मत रास्त आहे, मुख्य परीक्षेत त्यावर छान उत्तरही लिहिता येईल. पण लेखकाने इथे उपाय सुचवलेलाच नाही. पहिला पर्याय तर उताऱ्याच्या पहिल्याच वाक्याशी भांडतो. चौथ्यात 'काही'चे गुपचूप 'सर्व' झाले आहे, शिवाय पुनर्भरणाचा आकडा उताऱ्यात कुठेच नाही. उरतो तिसरा : बेचव, सावध आणि बरोबर. आयोगाचे बरोबर पर्याय बरेचदा असेच बेचव असतात. जो पर्याय वाचून 'वा, काय मुद्दा मांडलाय' असे वाटते, त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे, असे माझे मत आहे.

सामान्य अध्ययनाची तयारी जितकी पक्की, तितका हा सापळा घट्ट. शेती, पर्यावरण, अर्थव्यवस्था हे विषय दिसले की डोळे उतारा वाचतात आणि डोके नोट्स आठवते.

आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा, यावर क्लासवाल्यांत वाद आहेत. वेळ लावून दोन्ही करून पाहा आणि जमेल ते धरा. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते, म्हणजे पाच प्रश्नांच्या उताऱ्याला वाचनासकट साडेसात.

या आठवड्यात आयोगाची एक जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि फक्त उतारे सोडवा. प्रत्येक उत्तराला आधार देणारे वाक्य उताऱ्यात अधोरेखित करा. जिथे असे वाक्य सापडत नाही तिथे, उत्तरतालिकेशी जुळले असले तरी, फुली मारा. पुढच्या लेखात निर्णयक्षमतेचे प्रश्न घेऊ.