कोर्ट चुकलं म्हणायचं, पण कसं?

कोर्टाचा निकाल पटला नाही की आपण काय करतो? एक स्टोरी टाकतो, दोन शिव्या घालतो आणि पुढच्या रीलवर जातो. अब्राहम लिंकननं १८५७ मध्ये जरा वेगळं केलं.

ड्रेड स्कॉट हा गुलाम. मालकानं त्याला गुलामगिरीवर बंदी असलेल्या भागांत नेऊन ठेवलं होतं. त्या आधारावर त्यानं सुटकेसाठी केस लढवली, तब्बल अकरा वर्षं. ६ मार्च १८५७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी त्याला नाही म्हटलं. सरन्यायाधीश रॉजर टॉनीनं तर लिहिलं, की काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत. देश उभारणाऱ्यांनी त्यांना 'जनते'त धरलंच नव्हतं.

निकालावर शंका घेणं म्हणजे कायद्याविरुद्ध बंड, असा सूर सिनेटर स्टीफन डग्लसनं स्प्रिंगफील्डच्या भाषणात लावला. (ओळखीचं वाटतंय ना?) दोन आठवड्यांनी, २६ जूनला, त्याच गावात लिंकन बोलला. तेव्हा तो साधा वकील होता, अध्यक्षबिध्यक्ष नव्हे. त्याचं म्हणणं, निकाल आम्ही मोडणार नाही. पण तो चुकीचा आहे आणि कोर्टानंच तो फिरवावा यासाठी झटणार. निकाल एकमतानं असता, पक्षीय वास नसता, खऱ्या इतिहासावर उभा असता, तर गोष्ट वेगळी होती.

इतिहासाचा मुद्दा सगळ्यात भारी. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती कर्टिसचा दाखला देत त्यानं सांगितलं, की सुरुवातीच्या तेरापैकी पाच राज्यांत स्वतंत्र काळे लोक मतदान करत होते. मग ते 'जनता' नव्हते कसे? म्हणजे टॉनीचा पायाच कच्चा!

लिंकनला लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. त्याच भाषणात दोन वंशांनी वेगळं राहावं, काळ्यांना आफ्रिकेत वसवावं, असंही तो बोलला. मात्र स्वतःच्या कष्टाची भाकरी खायच्या हक्कात काळी बाई आपल्या बरोबरीची आहे, हेही त्यानं ठणकावलं.

स्कॉटला नव्या मालकानं त्या मे महिन्यातच मुक्त केलं होतं. पुढच्याच वर्षी तो गेला. नागरिकत्वाबाबतचा टॉनीचा निकाल अखेर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं पुसला. त्याआधी, ४ मार्च १८६१ ला, लिंकनला अध्यक्षपदाची शपथ दिली ती याच टॉनीनं.