काचबिंदूचे थेंब आणि कोरडे डोळे

काचबिंदू असलेल्या माणसाचे डोळे गळू लागले की घरात कुणीतरी म्हणतंच, "दाब वाढलाय, तेच पाणी बाहेर येतंय." तसं नसतं. अश्रू वेगळे, डोळ्याच्या आतलं पाणी वेगळं.

अश्रुग्रंथी वरच्या पापणीआड, बाहेरच्या कोपऱ्याकडे असते. तिथले अश्रू बुबुळावर पसरतात आणि नाकाजवळच्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतात. रडताना नाक गळतं ते त्यामुळेच. आतलं पाणी बाहुलीमागे मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून झिरपत रक्तात जातं. हा निचरा अडला की दाब चढतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते.

मग काचबिंदूच्या इतक्या रुग्णांचे डोळे कोरडे का पडतात? थोडा दोष वयाचा. पण बराचसा औषधाच्या बाटलीचा. जंतू वाढू नयेत म्हणून पुष्कळ ड्रॉप्समध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं, आणि ते मुळात डिटर्जंट आहे. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे ओल उडून जात नाही. हे रसायन तो थर विस्कटतं, अश्रूंना चिकटपणा देणाऱ्या पेशींनाही इजा करतं. आठवडाभराचं औषध असतं तर निभावलं असतं. हे बहुधा जन्मभराचं.

कोरडा डोळा चुरचुरतो आणि चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. म्हणजे गळणारा डोळाही कोरडाच असू शकतो! (तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. डोळे गळताहेत, उजेड सोसत नाही, बुबुळ मोठं दिसतंय, तर काचबिंदूची शंका घेऊन लगेच दाखवावं.)

खरा धोका पुढे आहे. चुरचुरतं म्हणून रुग्ण थेंब परस्पर बंद करतो, किंवा लाली घालवायला दुकानातून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणतो. स्टेरॉइडनं दाब आणखी चढू शकतो. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं: प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मिळतात, कृत्रिम अश्रू जोडीला देता येतात, काहींना लेझरही चालतं. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबून धरावा. नाहीतर औषधही अश्रूंच्याच वाटेनं नाकात आणि तिथून रक्तात जातं. काचबिंदूवरचं टिमोलॉल असं रक्तात गेलं तर दमा उसळू शकतो. त्यामुळे दमेकऱ्यानं ते सुरू होण्याआधीच डॉक्टरांना दम्याचं सांगायला हवं.