निर्णयावरचे चर्चासत्र कोल्हापुरात भरवायचे, तर पैसे कुठून?

विषय एक, खाती अनेक

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, तेव्हा आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीत घरोघर खल सुरू होतो. आत्ता निघायचे की ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबायचे? गोठ्यातली जनावरे मागे ठेवून निघायला मन होत नाही. ‘मागच्या खेपेला इथवर आले नव्हते’ हा भरवसा तर २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले तेव्हाच वाहून गेला.

माणूस निर्णय कसा घेतो, हे अभ्यासायला याहून नेमका प्रश्न मिळणार नाही. मात्र तो एका विभागाचा नाही. धोक्याची जाणीव मानसशास्त्राची, दुभत्या जनावरांचा हिशेब अर्थशास्त्राचा, कोणाच्या शब्दावर गाव हलते हे समाजशास्त्राचे आणि पाण्याचा अंदाज अभियंत्यांचा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच शहरात बसते आहे, म्हणजे निवाडा करणारी आणि निवाड्यासाठी झगडणारी माणसेही आता जवळ आहेत.

कोणाचे दार ठोठावायचे

या विषयाची घडणच सरमिसळीची. डॅनियल काहनेमन मानसशास्त्रज्ञ, पण २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते अर्थशास्त्राचे. एमॉस ट्वर्स्की यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९७४ च्या गाजलेल्या निबंधाला पैसा पुरवला होता अमेरिकी संरक्षण खात्याने! अनुदान देणाऱ्याला विषयाचे नाव नव्हे, त्याचा उपयोग दिसावा लागतो, हे त्यातून कळते.

आपल्याकडे पहिले दार भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे. ही १९६९ ची संस्था चर्चासत्रांना अनुदान देते आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत आहे. दुसरे दार केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे. बोधनविज्ञानाच्या संशोधनासाठी त्याचा स्वतंत्र उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. तिसरे दार नवे. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या कक्षेत, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे जिथे एकमेकांना भिडतात, तो भागही येतो.

अडचण अशी की सामाजिक शास्त्रांच्या समितीला अर्ज फार ‘प्रयोगशाळेचा’ वाटतो आणि विज्ञानाच्या समितीला फार ‘समाजाचा’. म्हणून शिवाजी विद्यापीठातल्या किंवा संलग्न महाविद्यालयांतल्या आयोजकांनी ‘आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन’ या शब्दांनी अर्ज सुरूच करू नये. पुराच्या प्रश्नाने करावा. चार विभाग का लागतात, ते मग वेगळे पटवावे लागत नाही.

कारखाने, बँका आणि सीएसआर

साखर कारखाने, सहकारी बँका आणि शिरोलीचे उद्योजक मदत करतात. मात्र कंपनीकडे सीएसआर निधी मागताना जपून. प्रसिद्धीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व नियमांप्रमाणे सीएसआरमध्ये मोजले जात नाही. फलकावर बोधचिन्ह हवे असेल तर तो कंपनीचा जाहिरात खर्च. परदेशी संस्थेची देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील नोंदणीची अट आहे; ती नोंदणी आधीपासून नसेल, तर एका चर्चासत्रासाठी त्या वाटेला जाऊ नये.

शुल्क आणि खर्च

समजा, ८० जण आले आणि प्रत्येकी १,५०० रुपये शुल्क ठेवले, तर १,२०,००० रुपये जमतात. दोन दिवसांचे जेवण, चहा आणि छपाई त्यात बसवता येते. पाहुण्यांचा प्रवास आणि निवास नाही. अनुदान तिथे लावावे. त्यातही पीएच.डी. करणाऱ्यांना शुल्कात सूट आणि प्रवासखर्च आधी, बीजभाषकाचे विमान नंतर. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेच. कापडी पिशव्या, स्मृतिचिन्हे आणि सत्रागणिक शाल-श्रीफळ यांवर काट मारली तर दोन-चार विद्यार्थ्यांची सोय होईल. फेटा एकदा, उद्घाटनाला, पुरे.

तारीख आणि हिशेब

फेब्रुवारी-मार्चमध्ये महाविद्यालयांत चर्चासत्रांची रांग लागते, कारण ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची टाकायचे असतात. त्या गर्दीत चांगले वक्ते मिळत नाहीत. डिसेंबर बरा. पुरावर बोलायचे असले तरी पावसाळ्यात नको, त्या दिवसांत कोल्हापूरचे रस्तेच बंद पडू शकतात.

केंद्रीय अनुदानाचा विनियोग दाखला वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यात द्यावा लागतो. मूळ पावत्या, उपस्थितीच्या सह्या आणि प्रवासाची तिकिटे त्याच आठवड्यात लेखा विभागाकडे पोचवावीत. हे काम समन्वयकाच्या गळ्यात न टाकता एका लेखनिकाला पहिल्या दिवसापासून नेमून द्यावे.