जहाजावर चढण्याआधीचे चार दरवाजे
महासाथीच्या काळातील चाचण्या, प्रवेशाचे नियम आणि आपली घरे

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील मोहल्ल्यांत शिपवर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. कुणाचे अब्बा मालवाहू जहाजावर होते, कुणाचा भाऊ क्रूझच्या भटारखान्यात आहे, कुणाचे मामू सारंग म्हणून निवृत्त झाले. अलीकडे दुबईत नोकरी करणारी मुले आई-वडिलांना बोलावून आठवडाभराच्या क्रूझवरही नेऊ लागली आहेत. पूर्वी या सफरीची तयारी म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, खलाशाचे सीडीसी पुस्तक, चार जोडी कपडे आणि अम्मीने बांधून दिलेले लोणचे. २०२० ते २०२२ या काळात या यादीत एक कागद असा आला की तो नसेल, किंवा त्याच्यावरची वेळ चुकीची असेल, तर बाकीचे सगळे कागद असूनही माणूस विमानतळावरूनच परत यायचा.

शिपवर जाणाऱ्याच्या घरी याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. क्रूझवरचा कामगार करारावर असतो. जहाज चुकले तर पगार सुरू होत नाही, आणि पुढचे बोलावणे कधी येईल ते एजंटलाही माहीत नसते. बहिणीचे लग्न, घराचे हप्ते, धाकट्याची फी सगळे त्या एका तारखेवर टांगलेले असते.

नियम का आले?

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज जपानमधील योकोहामा बंदरात अडकले. त्यावर ३,७११ माणसे होती. चौदा दिवसांच्या विलगीकरणात प्रवासी आपापल्या खोल्यांत बसून होते, पण त्यांना जेवण पोहोचवणारे कामगार मात्र फिरत होते. अखेरीस सातशेहून अधिक लोकांना लागण झाल्याचे दिसले. या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ कामगार होते. म्हणजे आपल्याकडच्या घरांसाठी ही बातमी केवळ परदेशातली नव्हती.

त्यानंतर मार्चमध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या. बंदरे बंद झाली, विमाने बंद झाली आणि कामगार जहाजांवरच राहिले. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कामगार मुंबईच्या तोंडाशी येऊनही उतरू शकत नव्हते. केंद्र सरकारने खलाशांच्या चढण्या-उतरण्याची कार्यपद्धती जाहीर केली, तेव्हा कुठे त्यांना मुंबईत उतरवून घेण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस करार संपूनही जहाजांवर अडकलेल्या खलाशांची संख्या जगभरात सुमारे चार लाख असल्याचे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना सांगत होती. जितके अडकलेले, जवळजवळ तितकेच त्यांच्या जागी जायची वाट पाहत घरी बसलेले. चाचणी आणि लस हा या कोंडीतून निघण्याचा मार्ग होता. तो त्रासाचा होता, पण त्याच्यामुळेच जहाजे पुन्हा हलली.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही

‘आजारपणाचे कागद दाखवून सफर करायची, हे काय नवीन?’ असे तेव्हा पुष्कळ घरांत ऐकू आले. खरे तर मुंबईहून हजला जाणाऱ्या जहाजांनी हे फार पूर्वी पाहिले आहे. १८८२ पासून हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर उतरवून विलगीकरणात ठेवत आणि मगच जहाज जिद्दाकडे सोडत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी मुंबईहून हजची वाहतूक थांबवावी लागली. आपल्या पणजोबांच्या पिढीने हे सोसले आहे.

दीनची शिकवणही हेच सांगते. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण असलेल्या ठिकाणी साथ आली तर तिथून बाहेर पडू नये, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा उपदेश प्रसिद्ध आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सरग येथे पोहोचले असता पुढे साथ पसरल्याची खबर मिळाली. त्यांनी सोबत्यांशी सल्लामसलत केली आणि काफिला मागे वळवला. तकदीरपासून पळता काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यामुळे खबरदारी घेणे म्हणजे तवक्कुल सोडणे नव्हे, हे घरातल्या मुलांना सांगायला हा प्रसंग पुरेसा आहे.

चार दरवाजे

नियम पाळायची तयारी असूनही माणसे का अडकली? कारण नियम एक नव्हता. परदेशात जाऊन जहाज धरणाऱ्याला चार दरवाजांतून जावे लागे आणि प्रत्येक दरवाजाचा पहारेकरी वेगळा होता. पहिली विमान कंपनी. दुसरा वाटेत विमान बदलण्याचा देश. तिसरा जहाज ज्या बंदरात लागले आहे तो देश. चौथी जहाज कंपनी. यांतले तीन ‘हो’ म्हणाले आणि एक ‘नाही’ म्हणाला, तरी सफर संपली.

उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२१ नंतर मुंबईहून दुबईला उतरणाऱ्याला ४८ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल लागे आणि शिवाय विमान सुटण्याआधी सहा तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करावी लागे. महाराष्ट्रात साध्या आरटी-पीसीआरचा केंद्रावरचा दर तेव्हा ५०० रुपये होता, पण मुंबई विमानतळावरच्या रॅपिड चाचणीला चार हजारांच्या घरात पैसे मोजावे लागत. अम्मी-अब्बा दोघे जाणार असतील तर हा खर्च दुप्पट. विमानतळावर तीन तास आधी नव्हे, सहा-सात तास आधी पोहोचायचे, हेही त्यात आले. आणि दुबईत प्रवेश मिळाला म्हणजे क्रूझवर प्रवेश मिळाला असे नव्हते. जहाज कंपनीची अट वेगळी, तिची चाचणी वेगळी.

एक गंमतही सांगते. आपल्याकडे ‘सीडीसी’ म्हणजे खलाशाचे पुस्तक. अमेरिकेत ‘सीडीसी’ म्हणजे साथरोगांचे नियम करणारी सरकारी संस्था. ‘सीडीसीचा नियम बदलला’ असा निरोप आला की घरातली मंडळी पेटीतून पुस्तक काढून बघत. हसण्यासारखे असले, तरी निरोप नेमका कोणत्या पहारेकऱ्याचा आहे हे आधी विचारावे, हा धडा त्यातूनच मिळतो.

तास मोजायचे की दिवस?

सर्वांत जास्त घोळ झाला तो मोजणीचा. ४८ तास किंवा ७२ तास म्हटले की ते नमुना घेतल्याच्या वेळेपासून मोजायचे, अहवाल हाती आल्याच्या वेळेपासून नव्हे. अमेरिका मात्र तास मोजत नव्हती, दिवस मोजत होती. जानेवारी २०२१ पासून तिथे जाणाऱ्या विमानात बसण्याआधी तीन दिवसांतील चाचणी लागे. ६ डिसेंबर २०२१ पासून ती मुदत एक दिवसावर आली. एक दिवस म्हणजे आदल्या तारखेला सकाळी केलेली चाचणीही चालेल, मग मधले तास तीस झाले तरी हरकत नाही.

आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगा त्याच आठवड्यात मायामीला जहाज धरायला निघाला होता. विमान ९ डिसेंबरला पहाटे दोनचे. जुन्या नियमाप्रमाणे त्याने ६ तारखेला चाचणी करून ठेवली होती. ७ तारखेला संध्याकाळी एजंटचा निरोप आला की ही चाचणी चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी नमुना दिला तर अहवालाला दीड-दोन दिवस लागत. एसटीचा संप चालू होता. शेवटी रातोरात खासगी गाडी करून मुलगा मुंब्र्याला खालाकडे पोहोचला, ८ तारखेला सकाळी नमुना दिला आणि संध्याकाळी अहवाल मोबाइलवर आला. त्याची अम्मी दिवसभर मुसल्ल्यावर बसून होती. पहाटे विमान सुटल्याचा निरोप आल्यावरच ती उठली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहाटे दोनच्या विमानाची तारीख ही पुढची तारीख असते. आपण ‘आज रात्रीचे विमान’ म्हणतो, नियम ‘उद्याचे विमान’ म्हणतो. दुसरी गोष्ट तिकिटाची. वाटेत विमान बदलायचे असेल आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, मधला मुक्कामही चोवीस तासांहून जास्त नसेल, तर अमेरिका पहिल्या विमानापासून मोजणी करी. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली तर मोजणी दुसऱ्या विमानापासून होई आणि मुंबईतली चाचणी शिळी ठरण्याची भीती असे.

नावातले एक अक्षर

आपल्या घरांसाठी आणखी एक अडचण खास होती, ती म्हणजे नाव. आधारवर ‘मो.’, शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, पासपोर्टवर पूर्ण ‘मोहम्मद’. ‘शेख’ लिहिण्याच्या इंग्रजीत तीन-चार तऱ्हा. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी. लसीचे प्रमाणपत्र बहुतेकांचे आधारवरून निघाले होते, चाचणीचा अहवाल प्रयोगशाळेतल्या मुलाने ऐकून लिहिलेला होता आणि विमानतळावरचा कर्मचारी दोन्ही कागद पासपोर्टशी ताडून पाहत होता.

जून २०२१ मध्ये कोविन पोर्टलवर प्रमाणपत्रातील नाव दुरुस्त करण्याची आणि पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय झाली. शिक्षण किंवा नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांना कोविशिल्डचा दुसरा डोस ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर घेण्याची मुभाही त्याच महिन्यात मिळाली. ज्यांना हे वेळेत कळले त्यांचे काम झाले. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले.

नमुना देताना पासपोर्ट समोर ठेवून नाव, क्रमांक आणि जन्मतारीख तिथेच वाचून घ्यावी. अहवालावर नमुना घेतल्याची वेळ आणि क्यूआर कोड आहे का ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण पाच महिन्यांचा पगार वाचवणारे आहे.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर

बरे झाल्यावरही काही माणसांची चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, कारण पीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडते. अशांसाठी अमेरिकेने सोय ठेवली होती: गेल्या ९० दिवसांतील पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासास योग्य असल्याचे डॉक्टरांचे पत्र. म्हणून जुना अहवाल फाडून टाकू नये.

चाचणी चुकूही शकते. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या ‘क्वांटम ऑफ द सीज’ जहाजावर ८३ वर्षांचे एक प्रवासी पॉझिटिव्ह ठरले, जहाज मध्येच माघारी आले आणि पुन्हा केलेल्या चाचण्यांत त्या गृहस्थांना लागण नसल्याचे दिसले. आपल्या बाबतीत शंका असेल तर पुन्हा चाचणी मागणे हा गुन्हा नव्हे.

गुन्हा वेगळा आहे. त्या दिवसांत ‘पैसे टाका, निगेटिव्ह कागद घ्या’ असे सांगणारे भेटत होते. बनावट अहवालांची प्रकरणे पोलिसांत गेली. ज्याची नोकरी जाणार आहे त्याला हा मोह होतो, हे समजू शकते. पण त्या एका कागदाच्या भरवशावर हजारो माणसे बंद खोल्यांच्या जहाजात एकत्र झोपतात, एकाच भटारखान्यातले जेवतात. त्यांचा जीव आपल्या हातातली अमानत आहे. खोट्या कागदावर कमावलेल्या पगारात बरकत कशी मागायची, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी मुलांपुढे मोकळेपणाने ठेवायला हवा.

आता काय उरले?

अमेरिकेने विमानाआधीच्या चाचणीची अट १२ जून २०२२ रोजी काढली. भारतात परतताना भरायचा ‘एअर सुविधा’ फॉर्म त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला बंद झाला. पण दरवाजे गेले नाहीत, फक्त उघडे आहेत. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत जाणाऱ्या खलाशाला पीतज्वराची लस आजही लागते, आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. हज-उमराहला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस लागते. २०२२ च्या हजला ६५ वर्षांखालील वय, पूर्ण लसीकरण आणि ७२ तासांतील पीसीआर या अटी होत्या, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून शिपवर जाणारा मुलगा घरात असेल तर चार गोष्टींची सवय लावावी. चारही दरवाजांच्या अटी एका वहीत तारखेसह लिहाव्यात. ‘कुणीतरी सांगितले’ यावर न थांबता विमान कंपनी आणि जहाज कंपनीकडून लेखी घ्यावे. निघण्याच्या आदल्या तीन दिवसांत त्या अटी रोज पुन्हा पाहाव्यात. सगळ्या कागदांवरचे नाव आजच पासपोर्टप्रमाणे करून घ्यावे. हे काम एकट्या मुलावर किंवा एजंटवर टाकू नये. घरात दहावी-बारावी शिकलेली बहीण असते, इंग्रजी सूचना वाचू शकणारी भाची असते. तिच्या हाती ही वही द्यावी. आमच्या शाळेतल्या मुली अशा सूचना सहज वाचून समजावून सांगतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.